सोप्या भाषेतलं पत्र

मेट्रनबाईंनी पत्र वाचलं आणि तिच्यापुढे सरकवलं. एकोणीस वर्षं प्रसूती विभागात काढलेल्या सिस्टरने ते उभ्याउभ्याच वाचलं. ‘आपले नोंदणी प्रमाणपत्र बेकायदेशीर असल्याचे आढळून आले आहे.’ खाली नोंदणी कार्यालयाची सही, शिक्का आणि रुग्णालयाला प्रत.

परिचारिकांना दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. मुदत संपायच्या दोन महिने आधीच तिने अर्ज दिला होता. तो कार्यालयात पडून राहिला आणि तेवढ्यात मुदत उलटली, झालं होतं ते एवढंच. अर्जाची पोचपावती तिने पर्समधून काढून दाखवली. मेट्रनबाईंना पटलंही. पण प्रमाणपत्र बनावट आहे असाच या पत्राचा अर्थ निघतो, उद्या कुणी बोट दाखवलं तर उत्तर मला द्यावं लागेल, असं त्या म्हणाल्या. उलगडा होईपर्यंत तिला वॉर्डातून काढून चादरींच्या खोलीत बसवलं. दुपारी ती चहा घेऊन कॅन्टीनमध्ये बसली, तेव्हा शेजारच्या टेबलावरचं बोलणं एकदम थांबलं.

घरी नवऱ्याने सांगितलं, शब्दाचा कीस काढत बसू नकोस, उद्या जाऊन नूतनीकरण करून टाक. तो आत गेल्यावर भाजी निवडणाऱ्या सासूबाईंनी आवाज खाली आणून विचारलं, "अगं, तेव्हा परीक्षेच्या वेळी काही इकडचं तिकडं तर झालं नव्हतं ना?"

सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांच्या ऑपरेशनच्या वेळी रजा काढून थेंब घालायला हीच बसली होती. ती एवढंच म्हणाली, "नाही, आई." मग मोरीत जाऊन तिने नळ सोडला आणि भांडी घासायला घेतली.

दुसऱ्या दिवशी ती कार्यालयात नूतनीकरणाच्या खिडकीपाशी पोचली. खिडकीतल्या बाईने संगणकात पाहिलं आणि कागद परत केले. बेकायदेशीर प्रमाणपत्राचं नूतनीकरण होत नाही, आधी ते कायदेशीर करून आणा. ते कुठे करतात हे मात्र त्या बाईला माहीत नव्हतं. चौकशीच्या टेबलावरच्या माणसाने दुसऱ्या मजल्यावर पाठवलं. दुसऱ्या मजल्यावर तक्रार विभागाचं नाव सांगितलं. तक्रार विभाग जेवायला गेला होता. अडीचला परतलेल्या साहेबांनी पत्र उलटसुलट करून पाहिलं आणि ते ज्याने काढलं त्या कारकुनाला भेटा म्हणाले. कारकून तळमजल्यावर, सकाळच्या त्या खिडकीतल्या बाईच्या पाठीला पाठ लावून बसला होता.

माणूस सज्जन होता. त्याने खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि फायलीतून एक परिपत्रक काढून दाखवलं. पत्रव्यवहारात सर्वसामान्यांना समजतील असे सोपे शब्द वापरावेत, असं त्यात लिहिलं होतं. जुन्या नमुन्यात ‘अवैध’ होतं. लोक फोन करून अर्थ विचारत, म्हणून याने त्याच्या जागी ‘बेकायदेशीर’ घातलं. हे सांगताना तो जरा खूशच दिसत होता.

"अहो, पण दोन्हींचा अर्थ वेगळा आहे," ती म्हणाली.

"एकच की हो, मॅडम. पेपरात अवैध दारू म्हणतात. ती बेकायदेशीरच असते ना?"

"दारू असते. पण मतमोजणीत मतं अवैध ठरतात, तेव्हा ती देणाऱ्यांना काय पकडून नेतात? शिक्का चुकीच्या जागी पडला, मत धरलं नाही, संपलं. माझा कागद धरण्याजोगा राहिला नाही, एवढंच तुम्हाला सांगायचं होतं. तुम्ही लिहिलंत की मी गुन्हा केला."

कारकून ओशाळून म्हणाला की मुद्दा बरोबर आहे, पण पत्राला जावक क्रमांक पडला, आता त्यातलं अक्षरही मला बदलता येत नाही. ते मोठ्या साहेबांच्या हातात. आणि मोठे साहेब मीटिंगमध्ये.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, तरी ती साहेबांच्या दाराबाहेरच्या बाकावर जाऊन बसली. बाकावर आधीच एक वयस्क बाई होती, मांडीवर पर्स घट्ट धरून. तीही परिचारिकाच, रिटायर व्हायला सात महिने उरलेली. पर्सच्या आतल्या कप्प्यातून तिने चार घड्या घातलेला कागद काढला. तेच पत्र. अकरा दिवस तिने घरात कुणाला सांगितलं नव्हतं. रोज डबा घेऊन निघायची आणि बागेत बसून संध्याकाळी परतायची, कारण कामावर गेलं तर तिथूनच पोलीस घेऊन जातील असं तिला वाटत होतं. तिच्याही प्रमाणपत्राची मुदत उलटली होती, तीन आठवड्यांपूर्वी.

सिस्टरला हसावं की भिंतीवर डोकं आपटावं ते कळेना. आपल्यापुरता कागद घेऊन जायचं हा सकाळपासूनचा तिचा बेत तिथेच मोडला.

साडेचारला साहेबांनी दोघींना आत बोलावलं. ऐकून घेतल्यावर ते लगेच तयार झाले: तुम्हा दोघींना नवी पत्रं देतो, विषय मिटला. तिने विचारलं की अशी पत्रं एकूण किती गेलीत. कारकुनाला बोलावलं, त्याने रजिस्टर आणून मोजली. त्रेसष्ट. साहेब म्हणाले, बाकी कुणाची तक्रार नाही, सगळ्यांना पत्रं पाठवली तर कार्यालयानेच चूक कबूल केल्यासारखं होईल.

"त्या बागेत बसल्या असतील, साहेब," ती म्हणाली. "तक्रार कुठून करणार?"

वयस्क बाईने मान खाली घातली. साहेबांनी एकदा तिच्याकडे, एकदा घड्याळाकडे पाहिलं आणि लेखी अर्ज द्या म्हणाले. सिस्टरने तिथेच कागद मागून अर्ज लिहायला घेतला. ‘बेकायदेशीर या शब्दाऐवजी’ इथपर्यंत येऊन ती अडली, कारण पुन्हा ‘अवैध’ लिहिलं तर पुन्हा फोन सुरू होणार.

कारकून मागून हळूच म्हणाला, "मुदत संपली आहे, असं लिहा ना. सगळ्यांना कळेल."

तिने पेन खाली ठेवून त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याने चष्मा काढून पुसायला घेतला.

‘मुदत संपली आहे’ असं लिहिलेली त्रेसष्टच्या त्रेसष्ट पत्रं निघायला नऊ दिवस लागले. तेवढे दिवस तिने चादरी मोजल्या. नवं पत्र दाखवल्यावर नूतनीकरण मात्र त्याच आठवड्यात झालं. सासूबाईंनी नवं पत्र दोनदा वाचलं आणि पहिल्यांदाच असं लिहायला यांना काय झालं होतं, म्हणून कार्यालयावर तोंडसुख घेतलं. आपण काय विचारलं होतं त्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. हिनेही विषय काढला नाही, पण पुढचे काही दिवस ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलली.

मेट्रनबाईंनी नवं पत्र तिच्या फायलीत लावलं. जुनं काढून टाका, असं तिने सांगून पाहिलं. फायलीत एकदा लागलेला कागद काढता येत नाही, नियम आहे, असं उत्तर मिळालं.

"निदान नवं वर तरी लावा," ती म्हणाली.

मेट्रनबाईंनी फाईल उघडून, नवं वरच असल्याचं दाखवलं आणि सांगितलं की चार नंबरला कळा सुरू झाल्यात, पहिलटकरीण आहे, घाबरली आहे. सिस्टर हात धुवायला गेली.