मोकळी माणसं

काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कचेरीत एक नियम कुठेही लिहिलेला नव्हता, पण सगळ्यांना पाठ होता. ज्याला काम नाही, त्याला प्रशिक्षण. नैरोबीकडचा कारभार काउंटीकडे आला, दवाखाने आले, माणसं शिकवायची जबाबदारी आली, आणि प्रशिक्षणं जिथे भरायची त्या मोंबासाच्या हॉटेलांची चंगळ झाली. गोदामातला मुसिली बाळंतपणाचं प्रशिक्षण घेऊन आला होता. प्रमाणपत्र चौकटीत घालून त्याने भिंतीवर टांगलं. बाळंतपण मात्र त्याने अजून पाहिलेलं नव्हतं.

कवू प्रशिक्षण विभागात नवी होती आणि तिला या गोष्टीचा मनस्वी संताप येई. टेकडीपलीकडच्या दवाखान्यातली म्बिथे सिस्टर तिसऱ्यांदा विचारत होती, नवजात बाळाला श्वास द्यायला शिकवा म्हणून. मार्चमध्ये एक बाळ तिच्या हातांत गेलं होतं.

"तिला कसं सोडू?" विभागाचे प्रमुख मुन्योकी साहेब म्हणाले. "ती एकटीच आहे तिथे. ती गेली की दवाखान्याला कुलूप, आणि लोक माझ्या नावाने शंख करतील. मुसिलीचं नाव घाल."

"साहेब, मुसिली बाळाला श्वास देणार? त्याला स्वतःला जिना चढताना लागतो."

साहेब हसले, पण नाव बदललं नाही.

"मग शिकवणारीलाच तिकडे नेते," कवू म्हणाली.

"दवाखान्याच्या ओसरीवर? बॅनर नाही, जेवण नाही! त्याला प्रशिक्षण म्हणत नाहीत, कवू. उगाच हात दाखवून अवलक्षण करू नकोस."

कवूने ते केलंच. एका मोटारसायकलवर ती निघाली, दुसरीवर मुतानू नावाची शिकवणारी बाई, श्वासाची पिशवी घेऊन. सरावाची रबरी बाहुली कवूने लेसोत, अंगावरच्या रंगीत कापडात, गुंडाळून पाठीशी बांधली, कारण खड्ड्यांत ती पेटीत आपटली असती. वाटेत चहाला थांबल्या तर टपरीवाल्या आजीने तळलेली गोड मंदाझी पुढे केली नि लेसोत डोकावली.

"अगो बाई, किती गुणी लेकरू! रडत कसं नाही?"

"रडलं असतं तर आम्ही कशाला निघालो असतो, आजी," मुतानू म्हणाली. आजीने कपाळावर हात मारला नि दोघींना दवाखान्याकडे हाकललं.

दवाखान्यात रांग होतीच. म्बिथे एका मुलाला टोचून आली, हात धुतले आणि टेबलापाशी उभी राहिली. रांगेतल्या बायाही खिडकीशी गोळा झाल्या. त्यांना कोण हटकणार? म्बिथेने मार्चमध्ये जसं केलं होतं तसंच करून दाखवलं. बाहुलीची मान चांगली मागे झुकवली, तोंडावर मुखवटा धरला, पिशवी दाबली. छाती हलली नाही. पुन्हा दाबली. नाहीच.

"मोठ्या माणसाची मान अशी झुकवायची," मुतानू म्हणाली. "बाळाची झुकवली की वाट बंद होते. जरा सरळ घे. हां, एवढीच."

म्बिथेने मान बोटभर सरळ केली आणि पिशवी दाबली. रबरी छाती वर आली.

खिडकीतल्या बाया टाळ्या पिटू लागल्या. म्बिथेने तीनदा, चारदा करून पाहिलं, दर वेळी छाती वर आली. मग तिने मुखवटा खाली ठेवला.

"एवढंच होतं?" ती म्हणाली.

कवू बाहुली लेसोत गुंडाळू लागली.

"मी जानेवारीत पहिल्यांदा विचारलं होतं," म्बिथे तिच्याकडे वळून म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तेव्हा का नाही बोलावलं मला?"

कवूला खरं कारण ठाऊक होतं. ते उच्चारताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तू मोकळी नव्हतीस, सिस्टर."

म्बिथेने मान हलवली. मग बाहेर जाऊन पुढच्या बाईला आत घेतलं.