पिल्लं देणारा नर

पोलादपुरात परतून सुनीलने वेल्डिंगचं दुकान टाकलं, पण मुंबईत शोभेच्या माशांच्या दुकानात काम करताना जडलेला नाद काही सुटला नाही. पुढच्या खोलीत त्याने उशीएवढी काचेची टाकी मांडली. पाण्यात समुद्री मीठ मोजून कालवलं. हवेचे बुडबुडे अगदी मंद ठेवले, कारण आत सोडायचे समुद्रघोडे बोटाच्या पेराएवढे. जोराच्या पाण्यात ते भिरभिरून मरतात. शेपटीने धरायला प्लास्टिकचं गवत लावलं. बायको दिशा बाटलीतल्या खाऱ्या पाण्यात बारीक किड्यांची विकतची अंडी उबवून त्यातून निघणारे कणाएवढे जीव त्यांना रोज खाऊ घाली. एका नराच्या पोटाची पिशवी फुगली तेव्हा तीच आधी ओरडली, "अहो, नराला दिवस गेलेत!"

थोरला भाऊ भरत शेजारच्याच खोल्यांत राहायचा. त्याच्या मुलाच्या बारशाला पाहुणे जमले. जेवणं झाल्यावर काहीजण टाकीभोवती गोळा झाले. मागच्या पडवीत पिऊन आलेला भरतही त्यांत घुसला.

"नर गाभण हाय म्हनं!" तो हसला. "मग सुन्या, तूच का नाय धरत पोट? बायकोला कशाला काढे पाजतोस? डॉक्टरनं सांगितलंय ना, खोट तुझ्यात हाय!"

तपासणीला मुंबईत भरतच सोबत गेला होता. कुणाला सांगणार नाही म्हणून त्याने आईची शपथ घेतली होती.

"दादा, भायेर हो," सुनील म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही.

भरतने टाकीत हात घातला. पोटुशा नराने त्याच्या बोटाला शेपटी गुंडाळली. "ह्यो बघा बाप!" म्हणत भरतने तो दोन बोटांत चिरडला. फुटलेल्या पिशवीतून केसासारखी पिल्लं त्याच्या नखावर सांडली.

सुनीलने भावाची मानगूट पकडून तोंड काचेवर आपटलं. आधी काच तडकली, मग फुटली. खारं पाणी आणि रक्त लादीवर पसरलं. भरत कोसळला, तरी सुनील छातीवर गुडघा रोवून मारतच राहिला. प्रत्येक गुद्द्यासरशी त्याला बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय हे कळूनही हात थांबत नव्हता. भरतची बायको रखमा "मरंल रे तो!" म्हणत किंचाळली आणि तिने सुनीलच्या पाठीत तांब्या हाणला, तेव्हा कुठे तो थांबला. भरतच्या डाव्या डोळ्यात काच रुतली होती.

दिशा दारातच उभी होती. ती सोडवायला आली नव्हती.

"तुला ठाऊक होतं?" तिने विचारलं. 'अहो' कुठल्या कुठे गेलं होतं. "तुझ्या आईनं मला वांझ म्हटलं, कडू पाजलं, आन् तू बघत बसलास?"

तिने इतक्या जोरात थोबाडीत दिली की त्याचा ओठ फाटला. त्याने हात उचलला नाही.

महाडच्या दवाखान्यात भरतचा डोळा काढावा लागला. पोलीस आले तेव्हा तो पट्टीआडून म्हणाला, "घसरून टाकीवर पडलो, साहेब."

"नाय साहेब, मी मारला," सुनील म्हणाला.

"गप रे, सुन्या!"

"मारला, आन् थांबलो नाय."

हवालदाराने त्याला जीपमध्ये बसवलं. घरी कुणाला कळवायचं का, म्हणून विचारलं. दिशा कधीच तुडीलला माहेरी निघून गेली होती.

"कुनाला नको," सुनील म्हणाला.