मिस्त्रींचं नाक

“आता आणखी ओढलीस तर तुझा खांदा निखळेल, इंजिन काही चालू व्हायचं नाही,” मिस्त्री म्हणाले. नावाड्याने इंजिनाची दोरी सोडली आणि हाशहुश करत फळीवर बसला. पलीकडच्या काठाला जाणारे प्रवासी धक्क्यावर खोळंबले होते आणि त्यातले निम्मे सल्ले देत होते.

मिस्त्रींनी प्लग काढला. ओला होता. तो नेहमीसारखा नाकाशी नेऊन त्यांनी डोळे मिटले. नुसता प्लग हुंगून इंजिनाचं दुखणं सांगणारा माणूस म्हणून धक्क्यावर त्यांचा दबदबा होता. मात्र गेल्या हिवाळ्यातल्या तापानंतर त्या नाकाला काही म्हणजे काही कळत नव्हतं. हे फक्त त्यांच्या बायकोला ठाऊक होतं. बातमी फुटली तर सगळ्या बोटी दुसऱ्या मिस्त्रीकडे जातील, या धास्तीने त्यांना धड झोपही लागत नव्हती.

“पेट्रोल जास्त झालंय,” त्यांनी ठोकून दिलं. एवढ्या ओढाताणीनंतर दुसरं काय असणार? प्लग पुसला, वाळवला, पुन्हा बसवला. दोरी ओढली. इंजिन ढिम्म.

तेवढ्यात बायको डबा घेऊन आली. हल्ली ती रोज यायची आणि आल्या आल्या वासाच्या नावाने खडे फोडायची. कुठे पेट्रोल गळतंय, कुठे तेल जळतंय, सगळं त्या कटकटीतून मिस्त्रींना कळायचं. लोकांना बिचाऱ्या मिस्त्रींची दया यायची.

मिस्त्रींनी प्लग पुन्हा काढून तिच्या हातात दिला. “धर जरा.”

तिने तो नाकाजवळ नेला आणि हळूच म्हणाली, “अहो, पेट्रोल कुठलं, ह्याला तर साबणाचा वास येतोय.”

मिस्त्रींनी टाकीतलं पेट्रोल काचेच्या बरणीत ओतलं. थोड्या वेळाने तळाशी पाणी वेगळं झालं.

“टाकीत पाणी कसं गेलं रे?”

नावाडी मान खाली घालून म्हणाला, “बोटीला पेट्रोलचा वास येतो म्हणून प्रवासी कुरकुरत होते. काल टाकी धुतली.”

“आतून?”

“चांगली घासून.”

बायको पोट धरून हसली. मिस्त्रींनी टाकी आणि कार्बोरेटर रिकामे केले, कोरडे केले, ताजं पेट्रोल भरलं. इंजिन आधी खोकलं, त्याने निळा धूर ओकला आणि मग ते झकास चालू झालं. प्रवासी भराभर बोटीत चढले.

“मिस्त्री, तुमच्या नाकाला तोड नाही,” नावाडी म्हणाला.

मिस्त्रींनी बायकोकडे पाहिलं. तिला असं मागे उभं ठेवणं त्यांना एकाएकी नकोसं झालं. “माझं नाक कधीच गेलंय. साबणाचा वास हिला आला.”

“वहिनी, ऐकताय ना? मिस्त्री आज भलतेच खुशीत आहेत,” नावाडी हसत म्हणाला आणि बोट सुटली.

“त्याला पटलं नाही,” मिस्त्री म्हणाले.

“मग उद्या परत सांगा.”

दोघं पायरीवर बसले. धूर अजून पाण्यावर रेंगाळत होता.

“कसा येतोय वास?”

“घाण.”

“तसं नको. नीट सांग.”

तिने खोल श्वास घेतला, ठसकली, पुन्हा घेतला. “पेट्रोलचा आहे. त्यात जळकं तेल. आणि थोडा ओल्या दोरखंडांचा.”

मिस्त्री डोळे मिटून ऐकत होते.

“आणखी?” त्यांनी विचारलं.