कुणीही न मरणाऱ्या गोष्टी

चैत्रातल्या दुपारी डाळमिलींवरून तुरीच्या भुशाची कोरडी, खमंग धूळ आमच्या गल्लीत उतरायची, आणि त्या पिवळसर पडद्याआडून कुमुदबाई दिसायच्या आधी त्यांच्या चपलांचा आवाज यायचा: उतावळा, असमान, जणू एका पावलाला दुसऱ्याच्या आधी पोचायचं असावं. उन्हातून आल्यावर छापखान्यातल्या अंधाराला डोळे सरावण्याइतकाही धीर त्यांच्यात नसे. "मुनीर, प्रुफं?" म्हणत त्या अंदाजानेच हात पुढे करत. मग शाईच्या आणि ओलसर कागदाच्या वासात, यंत्राच्या तालावर, इकडून तिकडे येरझारा घालत वाचू लागत. मी खुर्ची पुढे करी; त्या तिच्यावर पिशवी ठेवत.

मुलींच्या शाळेत त्या मराठी शिकवत. माझी थोरली बहीण त्यांच्या हाताखाली शिकली, आणि तिच्या वह्यांमधून त्यांची मराठी आमच्या घरात आली. माहेर नांदेडचं, नोकरी लातूरला, घरी एकट्याच. पूर्वी दिवाळी अंकांत त्यांच्या रहस्यकथा येत, आणि त्या चांगल्याच रक्तबंबाळ असत. विहिरीत प्रेत, दुधात विष, माळ्यावर हाडं. एवढ्या सौम्य बाईच्या मनात हे पिकतं कुठे, असं आमचे अब्बा हसून विचारत.

मग भूकंप झाला. आमच्या गल्लीत भिंतींना नुसत्या भेगा गेल्या. औशाच्या पलीकडे गावंच्या गावं दगडमातीखाली गेली. बाई इतर शिक्षकांबरोबर तिकडे गेल्या आणि कितीतरी दिवसांनी परतल्या. तिथे काय पाहिलं, काय केलं, याबद्दल त्यांनी पुढे कैक वर्षं चकार शब्द काढला नाही. एवढंच झालं की त्यांच्या लेखणीला त्यानंतर कुणाला मारणं जमेना.

लिहिणं मात्र थांबलं नाही. त्यांनी अनुसयामावशी नावाची एक टपाल खात्यातून निवृत्त झालेली बाई निर्माण केली. कुणाची चालढाल पाहून, कुणाच्या अक्षराचं वळण ओळखून ही मावशी एका छोट्या गावातली कोडी सोडवी. कोडीही कशी, तर हरवलेली लोणच्याची बरणी, ऐन लग्नाआधी गायब झालेलं बँडवाल्याचं क्लॅरिनेट, शाळेच्या फळ्यावर उमटणारी निनावी पत्रं. हरवलेलं सगळं शेवटच्या पानापर्यंत सापडे, चोराला लाज वाटे आणि मावशी त्यालाच चहा ठेवायला लावी. पुण्याच्या एका प्रकाशकाने हस्तलिखित परत पाठवलं. खून नसेल तर वाचक पान का उलटेल, असं त्याने विचारलं होतं. ते पत्र घेऊन बाई सरळ आमच्याकडे आल्या.

अब्बांनी कागद उलटसुलट पाहिले. "बाई, छापाया काय हरकत न्हाई. पन इकनार कोन?"

"मी."

आणि त्यांनी विकली. लातूरच्या एसटी स्टँडवरच्या स्टॉलपासून मुदखेड जंक्शनच्या फलाटापर्यंत, सुट्टीच्या दिवशी खांद्याला झोळी लावून, त्या स्वतःची पुस्तकं पोचवत फिरल्या.

शहरही तेव्हा त्यांच्यासारखंच स्वस्थ बसेनासं झालं होतं. हादरलेल्या भिंतींवर क्लासेसच्या पाट्या चढल्या. रिकाम्या खोल्यांत कॉट आल्या, कॉटवर परगावची मुलं-मुली आली. पहाटे सायकलींच्या रांगा आणि गॅलरीगॅलरीतून घोकंपट्टीची गुणगुण. आमच्या यंत्रावर नोट्स आणि सराव संचांचा पाऊस पडू लागला, आणि त्यातून मिळालेल्या फटीत मी बाईंची पुस्तकं छापी. ती सर्वांत जास्त वाचली ती या खोल्यांमधल्या मुलींनी. एकदा तिघीजणी आल्या आणि म्हणाल्या, "काका, कव्हरवर चित्र नका ना टाकू. मेसवाल्या मामीनं बघितलं तर घरी कळवते." तेव्हा मी एका आवृत्तीला करडं कव्हर घातलं आणि वर छापलं, 'सराव संच: भाग तिसरा'. बाई ते पाहून खूप हसल्या. "हा आपला पहिला गुन्हा, मुनीर," म्हणाल्या.

श्रावणातल्या एका सकाळी तेच करडं पुस्तक हातात घेऊन एक गृहस्थ छापखान्यात आले. गंगाधरराव, भोकरच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर. अंगातला सदरा रात्रभरच्या प्रवासाने चुरगळलेला. त्यांची मुलगी वैशाली बारावीला इथे खोली करून राहत होती. आदल्या दुपारपासून ती खोलीवर नाही, असा निरोप त्यांना संध्याकाळी मिळाला होता. उशीखाली हे सापडलं. आत छापखान्याचं नाव होतं.

"माझी पोरगी डाक्टर व्हाया आली व्हती," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, म्हणून तो अधिक लागला. "अभ्यासाचं पुस्तक म्हनून तुमी हे काय वाचाया देऊन राहिले?"

 तेवढ्यात बाई आल्या. त्यांनी पुस्तक हातात घेतलं आणि मी पहिल्यांदाच त्यांचा चेहरा असा पांढरा पडलेला पाहिला. त्या गोष्टीत परीक्षेला घाबरलेली एक मुलगी न सांगता घर सोडते, आणि अनुसयामावशीला ती मुदखेड स्टेशनच्या बायकांच्या वेटिंग रूममध्ये सापडते.

"मी लिहिलंय तिथंच गेली असंल ती," बाई म्हणाल्या. "चला."

आम्ही तिघे नांदेडची एसटी धरून निघालो. अहमदपूर गेलं, लोहा गेलं. पावसाने न्हालेली हायब्रीड ज्वारी आणि मूग खिडकीतून मागे सरत होता, आणि त्या अपार हिरव्या शांततेवर बाईंची बोटं सारखी काहीतरी लिहीत होती, समोरच्या सीटच्या दांडीवर, अक्षर न उमटवता. गंगाधरराव एकदाच बोलले. "लहानपनी अंधाराला लई भ्यायची," म्हणाले.

नांदेडला गाडी बदलून मुदखेडला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. वेटिंग रूममध्ये एक म्हातारी गाठोड्यावर डोकं ठेवून झोपली होती. दुसरं कुणी नव्हतं. बाईंनी दोन्ही फलाट पालथे घातले, स्टॉलवाल्याला विचारलं, हमालांना विचारलं. मी गंगाधररावांना म्हटलं, "घरी फोन तरी लावून बघा." त्यांच्या घरी फोन नव्हता, शेजारच्या किराणा दुकानात होता. ते बाहेरच्या बूथकडे गेले, आणि बाई बाकावर बसल्या. नुसत्या बसल्या, मांडीवरचे हातसुद्धा निश्चल. वाहतं पाणी एकाएकी थांबलेलं पाहावं तसं मला भय वाटलं.

"तिकडं यादी लिहायचं काम माझ्याकडं होतं," रुळांकडे पाहत त्या म्हणाल्या. तिकडं म्हणजे कुठे, हे मला लगेच कळलं. "नाव, वय, सापडलं का न्हाई. एक बाप आला. म्हणाला, माझ्या लेकीपुढं न्हाई लिहू नका बाई, जागा मोकळी ठिवा. मी ठेवली. मुनीर, मी एवढी पुस्तकं लिहिली ती मोकळी जागा भरायला. आणि त्यातून एका जित्या पोरीला घराबाहेर काढलं."

 आदिलाबादकडे जाणारी गाडी आली, थोडी माणसं उतरली, थोडी चढली, गाडी गेली.

गंगाधरराव परतले ते सावकाश, खांब धरत. "घरीच हाय," ते म्हणाले. "मी तिकडून निघालो अन् ती इकडून पोचली. आईपाशी बसून शेंगा सोलून राहिली." त्यांनी पंच्याने तोंड पुसलं. "म्हनते, आता लातूरला जात न्हाई."

"आणि पुस्तकाचं?" बाईंनी विचारलं.

"इचारलं म्या. म्हनली, अर्धंच वाचलं. झोप लागली व्हती."

बाई त्यांच्याकडे पाहतच राहिल्या. मग हसल्या, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. गंगाधरराव अवघडून उभे होते. "बाई, आता तिला काय सांगू म्या?"

"आज काहीच सांगू नका. तिच्यासंगं जेवा."

त्यांना भोकरच्या गाडीत बसवून आम्ही माघारी फिरलो.

पुढे वर्षभर बाईंनी काही लिहिलं नाही. मग एका उन्हाळ्यात त्यांनी शेवटचं हस्तलिखित आणलं. त्यात अनुसयामावशी भूकंपात गेलेल्या एका गावातल्या मुलीच्या नावाचं न पोचलेलं पत्र घेऊन फिरते, सगळ्यांना विचारते, आणि मुलगी सापडत नाही. मावशी ते पत्र फोडत नाही. तिथे अर्ध्या पानावर गोष्ट थांबते. खालची जागा कोरी पाहून मी विचारलं, "बाई, मजकूर राहिला का?"

"न्हाई," त्या म्हणाल्या. "एवढाच आहे."

मुली रुसल्या. असा शेवट असतो का, असं विचारणारी पत्रं आली. ते पुस्तक सगळ्यांत कमी खपलं. बाईंनी प्रत्येक पत्राला उत्तर लिहिलं, पण शेवट बदलला नाही. नंतर दोन हिवाळ्यांनी, साध्या तापाचं निमित्त होऊन, त्या गेल्या.

आता गल्लीत क्लासेसच्या पाट्या आणखी उंच गेल्या आहेत, मुलं मोबाईलवर वाचतात, आणि आमचं जुनं यंत्र विकून मी नवं घेतलं आहे. मध्येच केव्हातरी, एखाद्या कामाच्या गडबडीत, सगळं जिथल्या तिथे असूनही काहीतरी शोधायचं राहून गेल्यासारखं वाटतं. काळ बहुतेकांना कुठे ना कुठे पोचवतो. ज्यांचा पत्ता त्यालाही लागत नाही, त्यांच्यासाठी आठवण आपलं दार कधीच लावून घेत नाही, आणि नुसता वारा आला तरी आपण हातातलं काम टाकून तिकडे पाहतो.