जुन्या वायरींची जप्ती

चार्जरची पिन बदलली की कंपन्यांच्या नावाने बोटं मोडायची, हा घरात माझा मान. यंदा मात्र सगळ्या फोनांना एकच पिन आली आणि मी एका दिवसात सुधारक झालो. जेवणाच्या टेबलावर खोकं ठेवलं. जुनी वायर दिसली की जप्त.

"अहो, विचारून तरी घ्या," बायको म्हणाली.

"क्रांती कुणाला विचारून होत नाही," मी म्हणालो आणि खोकं भंगारात देऊन टाकलं.

पुढचे आठ दिवस फार सुखाचे गेले. माझा थोरला भाऊ आमच्याकडेच राहतो. जन्मभर इमारतींचे नकाशे काढलेला माणूस. माझ्या प्रत्येक वाक्याला पट्टी लावून चूक दाखवणार. आता तो नुसती मान डोलवत होता. पाणी नव्वद अंशांना उकळतं म्हटलं, तरी डोलवली. वयाबरोबर माणसाला समज येते, असं मला वाटलं. म्हणजे त्याला.

नवव्या दिवशी सकाळी तो आपल्या कपाटाची किल्ली घेऊन आला.

"ही तुझ्याकडे ठेव, धाकट्या," तो नको इतक्या मोठ्याने म्हणाला. "माझा भरवसा राहिला नाही. कानाच्या यंत्राची वायर कुठे ठेवली तेच आठवत नाही. आठ दिवस शोधतोय. बाबांचं असंच सुरू झालं होतं ना? आधी चष्मा, मग घरचा रस्ता. उद्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. येशील बरोबर?"

मी मान डोलवली. किल्ली घेतलीसुद्धा. मग चपला घालून पळालो.

"ही पिन?" मोबाइलवाला हसला. "काका, परवा तुम्हीच म्हणालात ना, असल्या पिना समुद्रात बुडवा?"

"सगळ्या नसतील बुडाल्या."

त्याने खालच्या खणातून एक वायर काढली. "माझ्या ट्रिमरची आहे. न्या. मी दाढी वाढवतो."

वाटेत मला नामी युक्ती सुचली. वायर दादाच्या कपाटामागे सरकवायची आणि ओरडायचं, "सापडली!" सगळे खूश. दादा तेवढा मरेपर्यंत समजणार, की आपणच ती हरवली होती. एवढी किरकोळ अडचण सोडली तर युक्ती निर्दोष होती.

मी त्याच्या खोलीत शिरलो, ओणवा झालो, हात कपाटामागे घातला. त्याला चाहूल लागली नाही. तो टेबलाशी पाठमोरा बसून काहीतरी लिहीत होता. मी उठून त्याच्या खांद्यावरून पाहिलं. आजची तारीख. वार. घराचा पत्ता. घरातल्या सगळ्यांचे वाढदिवस. उद्या डॉक्टर विचारतील म्हणून तो अभ्यास करत होता. माझा वाढदिवस दोनदा खोडून तिसऱ्यांदा बरोबर लिहिला होता.

त्याला ऐकू येत नव्हतं, त्यामुळे पुटपुटून सुटायची सोय नव्हती. मी त्याच्या हातातून पेन्सिल घेतली आणि वाढदिवसांच्या खाली लिहिलं: 'वायर तू हरवली नाहीस. मी भंगारात दिली. तुला न विचारता.'

त्याने दोनदा वाचलं.

"म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे?"

मी जोरात मान डोलवली. आता शिव्या येणार म्हणून खांदे आवळून उभा राहिलो. आल्या असत्या तर फार बरं झालं असतं. त्याने माझे दोन्ही हात घट्ट धरले आणि भरल्या आवाजात, सगळ्या घराला ऐकू जाईल असं म्हणाला,

"तुझे फार उपकार झाले रे!"