एका वाक्यातला मेव्हणा

टर्नरला विद्यापीठात घातलं ते त्याच्या मुलीने. बायको जाऊन आठ महिने झाले होते आणि तो दिवसभर खिडकीपाशी बसून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी बघत राहायचा. टाकी भरली की वाहायची, कुणीतरी ओरडायचं, मग पाणी बंद व्हायचं. एवढाच त्याचा दिवस.

साठीच्या पुढच्या माणसांना विद्यापीठातल्या कुठल्याही एका वर्गात नुसतं ऐकायला बसता येतं, फी नाही की परीक्षा नाही, अशी माहिती मुलीने कुठूनतरी काढली आणि विषयांची पुस्तिका त्याच्यापुढे टाकली. एक निवडा म्हणाली, नाहीतर मी निवडीन आणि मग नृत्याचा इतिहास शिकत बसाल.

पुस्तिकेत बहात्तर विषय होते. एकाहत्तर त्याच्या डोक्यावरून गेले. उरला तो 'जागतिक साम्यवाद : उदय आणि अस्त'. त्यातला उदय त्याने पाहिला नव्हता, पण अस्त झाला तेव्हा तो हजर होता. त्याने त्यावर बोट ठेवलं.

बोट म्हणजे अर्धंच. तो कारखान्यात लेथवर लोखंड कातायचा, म्हणून सगळे त्याला टर्नर म्हणत, आणि त्याच लेथने उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं केव्हाच घेतली होती. बाहीचं बटण त्याला लावता येत नसे, ते बायको लावून द्यायची. ती गेल्यापासून तो थंडीतही अर्ध्या बाहीचा शर्ट घालायचा आणि मुलीने विचारलं की उकडतं म्हणायचा.

वर्ग तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बहुतेक वेळा बंद. चौतीस मुलंमुली आणि हा एकटा सत्तरीचा, कानाने कमी म्हणून पहिल्या बाकावर. मुलं पहिल्या दिवशी त्याला आजोबा म्हणाली, दुसऱ्या आठवड्यापासून कॉम्रेड आजोबा. शिकवणाऱ्या बाई चाळिशीच्या आतल्या. त्या भराभर बोलायच्या, पण फळ्यावर स्वच्छ लिहायच्या. जाहीरनामा झाला, क्रांती झाली, महायुद्ध झालं. एका मुलीने त्याला मधल्या सुट्टीत विचारलं की तुमचा खरंच विश्वास होता का हो यावर. तो म्हणाला, "आमची पाळी दहा तासांची होती, ती आठाची झाली. माझा त्या दोन तासांवर विश्वास होता." मुलीने ते वहीत लिहून घेतलं. आपलं बोलणं कुणी लिहून घेतंय, याचं त्याला घरी जाईपर्यंत नवल वाटत राहिलं.

सहाव्या आठवड्यात बाईंनी फळ्यावर दोन मोठी वर्तुळं काढली. दोन मोठे देश, दोन्हीकडे एकच झेंडा. पण खरा मार्ग कुणाचा यावरून दोघांची जुंपली आणि मग जगातल्या प्रत्येक पक्षाला सांगावं लागलं की तुम्ही कुणाच्या बाजूचे. पाठ्यपुस्तकात शेवटी एक वाक्य होतं : 'या फुटीचे पडसाद जगभरातील लहान पक्षांमध्येही उमटले.' बाईंनी ते वाचलं आणि पान उलटलं.

टर्नरने हात वर केला. "बाई, या वाक्यात माझा मेव्हणा आहे."

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पान मागे घेतलं आणि सांगा म्हणाल्या.

मग त्याने सांगितलं. रेल्वेचे डबे बनवणारा कारखाना. त्यात पक्षाची शाखा, सभासद अकरा. फाउंड्रीत ओतकामाचे लाकडी साचे करणारा एक होता, त्याला सगळे साचेवाला म्हणत. त्यानेच टर्नरला शाखेत आणलं आणि पुढे एकदा चहाच्या सुट्टीत त्यानेच विषय काढला, की घरी बहीण आहे, अक्षर सुंदर आहे, तोंड फटकळ आहे, बघ बुवा. लग्न झालं. तिच्या अक्षरामुळे शाखेची सगळी पत्रं ती उतरवून द्यायला लागली. टर्नर चिटणीस झाला. आणि मग ते दोन मोठे देश भांडले. शाखेत मतदान झालं, सहा विरुद्ध पाच. साचेवाला पाचात. वरच्या समितीकडून हकालपट्टीच्या पत्राचा मसुदा आला, 'कामगारवर्गाशी गद्दारी' वगैरे. त्यात टर्नरने मेव्हण्याचं नाव घातलं, बायकोने सुवाच्य अक्षरात उतरवून दिलं, टर्नरने खाली सही ठोकली.

"म्हणजे भावाला काढल्याचं पत्र बहिणीने लिहिलं?" मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

"हो," तो म्हणाला. "तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. अक्षर चांगलं होतं तिचं."

वर्गात आता कुणी हसत नव्हतं. त्यालाही हे मोठ्याने बोलून पहिल्यांदाच ऐकू आलं होतं.

या गोष्टीला बेचाळीस वर्षं झाली. घर तीन थांब्यांवर, पण दोघं एकमेकांशी बोलले नाहीत ते नाहीतच. मुलीच्या लग्नात मामा आला, मांडवाच्या पार त्या टोकाला बसला, आशीर्वाद देऊन गेला. बायको मात्र दर रविवारी भावाकडे जायची. कधीतरी टोमणा मारायची, की तुमचे ते दोन देश कधीच बोलायला लागले, त्यातला एक तर आता नकाशातही नाही, तुम्हा दोघांना कुणी कळवलं नाही वाटतं. टर्नर पेपर वर धरायचा. तिच्या अंत्ययात्रेतही दोघं दोन बाजूंना उभे होते. मध्ये उभी राहणारी आता नव्हती.

बाई म्हणाल्या, हाच तुमचा निबंध. परीक्षा नसली तरी निबंध लिहायला कुणी अडवलेलं नाही. पण तुमची बाजू तुम्हाला पाठच आहे, ती नको. दुसरी आणा.

"बाई, तो माझं तोंड बघत नाही."

"मग त्या पाचांतला दुसरा कुणी?"

दुसरा कुणी नव्हता. अकरातले नऊ जण केव्हाच गेले होते. पण बसमध्ये बसल्यावर टर्नरला कळलं, की खरी गोष्ट निबंधाची नाहीच. बायको दहा-अकरा वर्षांची असताना कशी होती, हे सांगू शकणारा जगात एकच माणूस उरला होता, आणि तो ऐंशीला टेकला होता. तो गेला की तिची पहिली वीस वर्षं कुणालाच माहीत नसणार. टर्नरला ती विसाव्या वर्षानंतरचीच ठाऊक होती.

रविवारी टर्नर मेव्हण्याकडे गेला. दार वहिनीने, साचेवाल्याच्या बायकोने, उघडलं. ती आत वळून म्हणाली, "अहो, उठा. सूर्य कुठून उगवलाय बघा."

साचेवाला जमिनीवर बसून खुर्चीचा पाय सांधत होता. त्याने मान वर केली नाही. काय काम आहे, असं त्याने खुर्चीलाच विचारलं. टर्नर म्हणाला, विद्यापीठातून आलोय.

"विद्यापीठातून? लेथवर बोटं सोडून आलास, आता तिथे काय सोडायला गेलास?"

हा बेचाळीस वर्षांतला पहिला शब्द. टर्नरला राग यायला हवा होता, पण आला नाही. त्याने पिशवीतून पाठ्यपुस्तक काढलं, ते वाक्य दाखवलं. साचेवाल्याने चष्मा शोधला, वाक्य वाचलं, पान उलटून मागे-पुढे बघितलं.

"एवढंच?"

"एवढंच."

"आपल्या शाखेचं नाव नाही?"

"आपल्या देशाचंही नाही."

साचेवाल्याने पुस्तक मिटलं. मग टर्नरने सगळं सांगितलं, बाई, निबंध, दुसरी बाजू. तुझी बाजू ऐकायला आलोय म्हणाला. त्यावर साचेवाला उठला. गुडघे धरून उठायला त्याला वेळ लागला, पण आवाज चढला होता.

"माझी बाजू मी बेचाळीस वर्षांपूर्वी पाठवली. चौदा पानं. तुझ्या हातात दिली, कारखान्याच्या फाटकात. वाचलीस का ते सांग आधी."

तो आतल्या खोलीत गेला आणि एक फाइल घेऊन आला. फाइलमध्ये एकच कागद होता, घड्यांवर चिकटपट्ट्या लावलेला. टर्नरने अक्षर ओळखलं. काढल्याचं तेच पत्र, बायकोच्या हातचं. ती गेल्यापासून त्याने तिचं अक्षर पाहिलं नव्हतं. किराणाच्या याद्यासुद्धा मुलीने उचलून ठेवल्या होत्या.

पत्रात सगळं होतं, फुटीर, संधिसाधू, गद्दारी. कान गरम होत तो शेवटापर्यंत पोचला. शेवटी, सहीच्या वर, आणखी दोन वाक्यं होती : 'आपणांस आपले म्हणणे मांडावयाचे असल्यास ते पंधरा दिवसांत लेखी कळवावे. शाखा ते पूर्ण वाचेल व उत्तर देईल.'

असं काही मसुद्यात नव्हतं. वरची समिती असलं काही लिहिणाऱ्यातली नव्हती. त्याने पत्र न वाचता सही केली होती, कारण तिने उतरवलेल्या पत्रात चूक कधीच नसायची.

लिफाफा त्याला आठवला. जाडजूड, तपकिरी. काढलेल्या माणसाची पत्रं उघडायची नाहीत असा नियम होता, आणि मेव्हणा म्हणून आपण नियम वाकवला असं कुणी म्हणायला नको, म्हणून त्याने तो त्याच दिवशी, बंदच्या बंद, वरच्या समितीकडे पाठवून दिला होता. त्या रात्री स्वतःवर खूशही होता. समितीच्या कचेरीच्या जागी आता मोबाइलची कव्हरं विकतात. त्याच आठवड्यात बायकोने सहज विचारावं तसं विचारलं होतं, दादाचं काही आलं का. त्याने तिला नियम सांगितला होता. ती बरं म्हणाली होती. मग दुसऱ्या रविवारी भावाकडे गेली, आणि पुढे जातच राहिली.

"मी उघडलंच नाही रे ते," टर्नर म्हणाला. "तसंच वर पाठवलं. आणि ही शेवटची दोन वाक्यं माझी नाहीत. शाखेचीही नाहीत. तिने घातली."

साचेवाल्याने कागद त्याच्या हातातून घेतला, खिडकीपाशी नेला, पुन्हा वाचला.

"तरीच," तो पाठमोराच म्हणाला. "मला तेव्हाच वाटलं होतं, एवढं शहाणपण तुझ्यात आलं कुठून."

"तिने तुला सांगितलं नाही कधी?"

"काय सांगणार? 'दादा, शाखेला तुझं ऐकायचंच नव्हतं, मीच मधल्या मध्ये लिहिलं,' असं? मी तर आणखीनच पेटलो असतो. आणि तुझं चिटणीसपद गेलं असतं ते वेगळंच." तो खिडकीपासून वळला. "ती चौदा पानं मी तिला वाचून दाखवली होती. नववं पान कंटाळवाणं आहे, गाळ म्हणाली. मी नाही गाळलं. मग उत्तर आलं नाही, तेव्हा मला वाटायचं, त्या नवव्या पानानेच घात केला."

वहिनी चहा घेऊन आली होती. कप ठेवता ठेवता ती सांगू लागली, की दर रविवारी ही यायची आणि स्वयंपाकघरात मला विचारायची, दादा काही बोलला का. मी नाही म्हणायचे. मग ती म्हणायची, तिकडेही नाही. आणि आम्ही दुसरं काहीतरी बोलायचो. "तुम्ही पुरुष जगाचं भांडण घरात आणता," वहिनी म्हणाली, "आणि घरातलं माणूस वर्षानुवर्षं बसमधून ये-जा करतं." वहिनीने बिस्किटांची बशी मात्र टर्नरच्या बाजूला सरकवली.

टर्नरने पिशवीतून वही काढली. सांग म्हणाला, पहिल्या पानापासून. शाखा वाचणार नाही आता, पण मी पूर्ण ऐकतो.

साचेवाल्याकडे प्रत नव्हती. लागतही नव्हती. बेचाळीस वर्षं त्याने ते मनात इतक्या वेळा म्हटलं होतं की पाढ्यासारखं पाठ झालं होतं. तो खुर्चीवर ताठ बसला, घसा साफ केला आणि आधी तारीख घाल म्हणाला.

"तेव्हाची घालू की आजची?"

त्याने विचार केला. "आजची. उशिरा पोचलं हे नोंदीत राहू दे."

टर्नर अर्ध्या बोटांनी सावकाश लिहायचा. साचेवाला प्रत्येक वाक्यापाशी थांबायचा, आणि थांबला की त्याला भलतंच काही आठवायचं. तिसऱ्या पानावर पक्षातल्या शिस्तीचा मुद्दा चालू होता, तेवढ्यात त्याला आठवलं की बहीण लहान असताना घरात वह्या पुरत नसत. तो कारखान्यातून साच्यांच्या लाकडाचे गुळगुळीत तुकडे आणायचा आणि ती त्यावर निळ्या पेन्सिलीने अक्षरं गिरवायची. तुकडा भरला की तो रंधा मारून द्यायचा, की पुन्हा कोरा. एकदा तिने रंधा मारू दिला नाही. तुकडा दप्तरात लपवून ठेवला, कारण त्यावर 'क्ष' पहिल्यांदा नीट आला होता.

टर्नरचं पेन थांबलं होतं. "हे लिहू का?"

"हे विषयांतर आहे."

"लिहितो," टर्नर म्हणाला, आणि लिहिलं.

चार वाजेपर्यंत साडेतीन पानं झाली. उरलेलं पुढच्या रविवारी, असं कुणी ठरवलं नाही. साचेवाल्याने नुसतं विचारलं की सकाळी येतोस की दुपारी, आणि टर्नर सकाळी म्हणाला. वहिनी म्हणाली, मग जेवूनच जा.

साचेवाला त्याला सोडायला बसथांब्यापर्यंत आला. आता त्या दिवसापुरतं लिहून घ्यायचं काम संपलं होतं, त्यामुळे टर्नरने इतका वेळ गिळलेलं एकेक बाहेर काढायला सुरुवात केली. तुझं सगळं मान्य, पण त्या दोन देशांत पहिली आगळीक कुणाची? साचेवाला म्हणाला, एकाने रातोरात आपले इंजिनिअर परत बोलावले, दुसऱ्याचे अर्धे कारखाने बंद पडले, ही आगळीक नाही तर काय? टर्नर म्हणाला, पण त्याच्या आधी चिमटे कोण काढत होतं? बाईंनी तारखा दिल्यात, वहीत आहेत, दाखवू का? दाखव, साचेवाला म्हणाला, तुझ्या बाईंनाही विचारतो मी एकदा, बाहेरच्या माणसाला बसू देतात का त्या वर्गात?

बस आली. ड्रायव्हरने दार उघडून दोन म्हाताऱ्यांकडे बघितलं. एक जण वही उघडून तारीख शोधत होता, दुसरा त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होता. ड्रायव्हर जरा थांबला. मग दार लावून निघून गेला.