माझ्या नावाची पिशवी

"अक्मारलची दोरी कुल्पाश कापेल," असं सासूबाईंनी चहा पिता पिता सांगून टाकलं आणि माझ्या घशात बौरसाकचा, तळलेल्या पिठाच्या गोळ्याचा, घास अडकला.

अक्मारल माझ्या धाकट्या जावेची, उल्मेकेनची मुलगी. अकरा महिन्यांची. भिंत धरून उभी राहायची, दोन पावलं टाकायची आणि बदकन बसायची. मूल असं चालायला लागलं की आमच्याकडे त्याच्या पायांना काळ्या-पांढऱ्या लोकरीची दोरी बांधतात आणि ती कापून त्याला मोकळं सोडतात. कापायला वाटेल ती बाई चालत नाही, कारण कापणारीचा गुण मुलात उतरतो. दोरी दोन रंगांची असते ती आपलं कुठलं आणि परक्याचं कुठलं हे मुलाला उभ्या जन्मात कळावं म्हणून, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायची बुद्धी होऊ नये म्हणून. हे मला लहानपणापासून पाठ होतं, म्हणूनच तो घास खाली उतरेना.

"अगं, तोंड का उतरलं तुझं?" सासूबाई म्हणाल्या. त्यांना आम्ही आपा म्हणायचो. "मान देतेय तुला. अख्ख्या प्रदर्शनात पहिली आलेली बाई तू. हातात कला आहे, मनात खोट नाही. पोरीनं तुझ्यावरच जावं."

"मीच म्हटलं आपांना," उल्मेकेन हळूच म्हणाली. "ताईच हव्यात म्हणून."

मनात खोट नाही! मी खोकल्याचं सोंग करून उठले आणि बाहेर जाऊन गायीपुढे उभी राहिले.

काय झालं होतं ते सांगते. त्या काळात आमच्या मेर्के गावाला मॅक्रमेचं, दोरीला गाठी मारून वस्तू करायचं, वेड लागलं होतं. ज्या घरात जावं तिथे दोऱ्याचं घुबड भिंतीवरून डोळे वटारून बघायचं. कुंड्या झोळीत, दिवे झोळीत, एका बाईने तर रेडिओसुद्धा झोळीत टांगला होता. सांस्कृतिक भवनात या गाठींचा वर्ग मी चालवायचे. बावीस बायका हाताखाली होत्या आणि मी भरपूर भाव खायचे. पण खरं सांगायचं तर माझ्या हातात एक खोड होती. उजवा हात डाव्यापेक्षा जोरात ओढायचा. घुबड तिरकं झालं तरी खपतं, मान वळवून बघतंय असं लोक समजतात. पिशवीचं तसं नसतं. खांद्याला अडकवली की ती पिळवटून एका अंगाला फिरते आणि सगळ्या जगाला दिसतं.

त्या वर्षी झांबिल शहरात मोठं प्रदर्शन भरणार होतं. आमच्या भवनाच्या प्रमुख मार्झियाबाई. त्यांनी माझी सही घेऊन पांढऱ्या सुती दोरीच्या चार लड्या दिल्या. सरकारी दोरी होती आणि सहज मिळत नसे. "झालरीची पिशवी कर, खांद्याला लावायची," त्या म्हणाल्या. "मेर्केची लाज राख." मी पिशवी दोनदा केली आणि दोनदा उसवली. उसवून उसवून दोन लड्यांची पार लक्तरं झाली. उरलेल्या दोन मी कपाटावर भिरकावल्या आणि दोन दिवस घरात कुणाशी धड बोलले नाही.

उल्मेकेन वरच्या डोंगराकडची. तिची आई तंबूच्या पट्ट्या विणायची आणि लेक तिच्या शेजारी बसून गोंडे बांधायची. माझ्या वर्गाला ती कधीच आली नाही. येणार कधी? तान्ही मुलगी, गाय, दिवसातून सात वेळा चहा. मला चहा द्यायला यायची तेव्हा वाटी पुढे करून क्षणभर थांबायची आणि माझ्या बोटांकडे बघायची. मला वाटायचं, पोरगी जरा मंद आहे.

एका सकाळी माझ्या खोलीच्या दाराशी खिळ्यावर पिशवी लटकलेली दिसली. कपाटावरच्या दोन लड्या गायब होत्या. मी पिशवी काढून उलटसुलट करून पाहिली. कौतुकाने नाही, चूक शोधत होते. एकही सापडली नाही. चौकोनी गाठी एकीखाली एक, सगळ्या सारख्याच ताणाच्या. मधोमध गाठींचा एक पिळाचा पट्टा, तो जिथे थांबायला हवा तिथेच थांबलेला. आणि खाली हातभर झालर. ओली करून, विंचरून, एका रेषेत कापलेली. झालरीच्या प्रत्येक बटीच्या मुळाशी उल्मेकेनने गोंड्याला देतात तसा दोऱ्याचा वेढा दिला होता. मी पिशवी खांद्याला लावली आणि आरशासमोर गेले. ती सरळ राहिली. जराही फिरली नाही. मला आनंद व्हायला हवा होता. मला उल्मेकेनचा राग आला.

त्याच दुपारी मार्झियाबाई चौकशीला आल्या. त्यांना आधी पिशवी दिसली, मग मी.

"कुल्पाश! झाली की गं!" त्यांनी ती खिळ्यावरून काढलीच. "आणि इतकी सरळ? तुझ्या हातून? मी तर आशाच सोडली होती बाई."

उल्मेकेन तिथेच होती, चहा ओतत. खरं सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणाले, "हो, जमली एकदाची."

उल्मेकेनने मान खाली घातली आणि चहात दूध घातलं. वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात सून तोंड घालत नाही, हे मला माहीत होतं. त्याच भरवशावर मी बोलले होते.

पिशवीला पहिलं बक्षीस मिळालं. वर्तमानपत्रात फोटो आला, मी आणि खांद्यावर ती. उल्मेकेननेच तो कात्रीने नीट कापून बैठकीच्या खोलीत लावला, अगदी माझ्या बसायच्या जागेसमोर. वर्गातल्या बायका म्हणायच्या, "आम्हाला तसा सारखा ताण शिकवा ना." मी म्हणायचे, "तो हातालाच बसावा लागतो." आठ महिने मी हे म्हणत राहिले. आणि या आठ महिन्यांत मी उल्मेकेनवर कारण नसताना खेकसले, तिच्या चहाला नावं ठेवली, तिच्या डोंगरी बोलण्याची नक्कल केली. चोरी केली मी आणि वैर धरलं तिच्याशी.

दोरी कापायच्या दिवशी अंगणात पांढरं कापड अंथरलं होतं. गल्लीतल्या सगळ्या बायका आल्या होत्या, मार्झियाबाईही होत्या. अक्मारल नव्या टोपीत, पायांना दोरी बांधलेली, दोन्ही हात डोंगराकडून आलेल्या तिच्या मावशीच्या बोटांत. दोरी उल्मेकेनने स्वतः वळली होती. काळा पेड, पांढरा पेड, काळा, पांढरा. आपांनी माझ्या हातात सुरी दिली.

"काप गं," त्या म्हणाल्या. "सरळ वाटेनं चाल म्हण आणि काप."

मी वाकले. त्या वळलेल्या दोरीकडे बघितलं आणि हात चालेना. पोरगी माझ्याकडे बघून तोंड भरून हसली. माझा गुण हिच्यात उतरवायचा? कुठला?

"मनगट धरलंय माझं," मी म्हणाले. "सकाळपासून दुखतंय. दुसरं कुणीतरी कापा."

ऐन वेळी सुरी परत करणं म्हणजे पोरीत नाहीतर तिच्या आईत खोट काढणं, हे तिथल्या प्रत्येकीला कळत होतं. आपांच्या कपाळाला आठी पडली. शेजारच्या बाल्झान आजींनी माझ्या हातातून सुरी जवळजवळ ओढून घेतली. "मनगट म्हणे! जेवताना बघू मनगट," असं पुटपुटत त्यांनी दोरी कापली. अक्मारल चार पावलं चालली. बायकांनी तिच्यावर गोळ्या-चॉकलेटं उधळली आणि गलका झाला. मी मागे सरकले. वाटलं, निदान पोरीला तरी वाचवलं आपण. थोडी खूशही होते मी स्वतःवर, काय सांगू.

उल्मेकेन कुठे दिसेना. स्वयंपाकघरात गेले तर ती कढईसमोर पाठमोरी उभी होती. बौरसाक तळून काळे पडत होते आणि ती ते काढत नव्हती.

"जळतायत की गं!" मी झारा घेतला.

"ताई, मनगट दुखत नाहीये तुमचं." ती वळली नाही. "सकाळी पिठाचं पोतं तुम्हीच उचलून आणलंत."

मी जळके बौरसाक उपसायला लागले.

"मला कळलं तुम्ही का नाही कापली ते," ती म्हणाली. "पण माझ्यावरचा राग माझ्यावरच काढायचा होता. पोरीनं काय केलंय? सगळ्यांच्या देखत?"

"कसला राग?"

"दोरीचा." आता ती वळली. गाल ओले होते आणि एकावर पीठ लागलं होतं. "सरकारी दोरी होती, तुमच्या सहीची. न विचारता घेतली मी. तुम्ही दोन दिवस जेवला नव्हतात धड, मला वाटलं, करून ठेवते, ताईंचा जीव हलका होईल. मग मार्झियाबाई आल्या आणि तुम्ही स्वतःवर घेतलंत. ती मी केलीय असं तुम्ही सांगितलं असतं तर दोरी कुणी काढली हे निघालं असतं ना? तुम्ही झाकलंत मला. आठ महिने मी वाट बघत होते तुम्ही कधी रागवाल याची. रोज वाटायचं, आज बोलतील. म्हणून आपांना म्हटलं, ताईच कापू देत. तुम्ही कापली असती तर मी समजले असते, माफ केलंत मला." तिने हाताच्या पाठीने नाक पुसलं. "चोरटीची पोर म्हणून नाही ना कापली तुम्ही?"

माझ्या हातातून झारा कढईत पडला आणि तेल मनगटावर उडालं. त्याच मनगटावर. भाजलं, पण हुं की चूं करायची सोय नव्हती.

आठ महिने मी तिच्या खाली घातलेल्या मानेवर जगत होते. मला वाटायचं, ही घाबरते, किंवा मनात शिव्या देते. ती मान माझ्यासाठी नव्हतीच. ती स्वतःलाच चोर समजत होती, आणि खरी चोर तिच्या हातचा चहा पिऊन त्याला पाणचट म्हणत होती. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती, पुढेही कधी वाटली नाही.

"चल," मी तिचा हात धरला.

"कुठे? ताई, बौरसाक..."

"मरू देत बौरसाक."

बायका एव्हाना आत येऊन बसल्या होत्या. मार्झियाबाई माझ्या फोटोखाली. मी उल्मेकेनला धरून दारातच उभी राहिले, कारण आत गेले असते तर बसले असते आणि बसले असते तर बोलले नसते.

"मनगट बरं आहे माझं," मी म्हणाले. "खोटं बोलले. झांबिलला पहिली आलेली पिशवी मी केलेली नाही. मला तशी येतच नाही. मी दोनदा केली, दोन्ही वेळा फिरली. ती हिनं केली, पोर मांडीवर घेऊन. मी आयत्या पिशवीवर माझं नाव लावलं. म्हणून कापली नाही दोरी. पोरीत खोट नाही की हिच्यात नाही. माझ्यात आहे."

कुणीतरी चहाची वाटी खाली ठेवली. बाल्झान आजींनी डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडाला लावलं. मार्झियाबाई आधी माझ्याकडे, मग फोटोकडे बघू लागल्या आणि त्यांचे कान लाल झाले. मग आपा म्हणाल्या, "सोमवारी भवनात जायचं आणि हेच सगळ्या वर्गासमोर बोलायचं. आणि झांबिलच्या लोकांना पत्र लिहायचं. तूच लिहायचंस." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पुढे कित्येक आठवडे बघितलं नाही.

मला वाटलं, आता उल्मेकेन रडेल, किंवा माझा हात झिडकारेल. तिनं झिडकारायलाच हवा होता, मी तशी तयारीही केली होती. पण ती तिथेच उभी राहून कसला तरी विचार करत होती.

"मार्झियाबाई," ती म्हणाली. थोरामोठ्यांच्या बैठकीत ती आपणहून बोललेली मी पहिल्यांदाच ऐकली. "बक्षीस ताईंच्या नावाला नव्हतं का मिळालं? म्हणजे, त्या वर्ग घेतात, सगळे ओळखतात, म्हणून?"

"छे गं," मार्झियाबाई म्हणाल्या. "झांबिलमध्ये हिला कोण ओळखतंय? वस्तूंवर नावंच नव्हती, नुसते नंबर होते."

"मग ते पिशवीला होतं?"

"पिशवीला. परीक्षक दहा मिनिटं हातात धरून बसले होते. झालरीचे वेढे कसे घातले म्हणून मला विचारत होते. मला कुठे सांगता येतंय!"

उल्मेकेनने स्वतःचे दोन्ही हात वर करून पाहिले, पिठाने माखलेले, नखांपर्यंत. मग ती हसायला लागली आणि हसता हसता दाराच्या चौकटीला टेकून खाली बसली. अक्मारल रांगत तिच्याकडे गेली. मी तिथेच उभी होते, आणि तिच्या हक्काचं हे हसू मीच आठ महिने अडवून ठेवलं होतं.